केडगावच्या मनोरमाबाई आणि वारशाचा धडा

शास्त्रपाठ: फिलिप्पैकरांस २:१९–२४, २ तीमथ्य १:३–५ आणि २:१–२, निर्गम १८:१३–२६.

विषय: देवाच्या कामाचा वारसा कोणाकडे जातो?

पुणे जिल्ह्यातील केडगाव हे नाव उच्चारताच आपणांस पंडिता रमाबाईंची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. दौंड तालुक्यातील त्या कोरड्या माळावर त्यांनी निराधार स्त्रियांसाठी जे घर उभारले, त्याची कीर्ती देशोदेशी गेली. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. परंतु त्याच माळावर, त्याच घरात, त्यांच्याबरोबर राबणारी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिचे नाव आपल्या मंडळ्यांमध्ये क्वचितच ऐकू येते. मातेचे चरित्र सांगताना कन्येचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. आजचा धडा त्या ओळीविषयी आहे; कारण खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या उपदेशकांस, शिक्षकांस व बायबल-बायांस त्या जीवनातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१. आजीपासून नातीपर्यंत

तीमथ्याला लिहिताना प्रेषित पौल त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढतो आणि तो विश्वास प्रथम त्याची आजी लोईस हिच्या ठायी व मग आई युनिके हिच्या ठायी होता असे सांगतो. रमाबाईंच्या घराण्यातही तीन पिढ्यांची अशी एक परंपरा दिसते. मात्र ती आरंभी विश्वासाची नसून विद्येची होती. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळची लोकरूढी बाजूस सारून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्या माउलीने आपल्या लेकीला शिकविले. १८५८ साली जन्मलेली ती लेक पुढे इतकी विद्वान झाली की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊही गेला. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये त्यांना आसामात कन्यारत्न झाले व तिचे नाव मनोरमा ठेविले. मनाला रमविणारी ती मनोरमा. परंतु पित्याचे सुख त्या बालिकेच्या नशिबी फार दिवस नव्हते. ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, महामारीने तिच्या पित्याचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी विधवा झालेली आई आणि तिच्या कडेवरचे मूल, असे ते दोघींचे कुटुंब उरले.

ज्या देशात मुलीचा जन्म बहुधा शोकाची वार्ता मानीत, तेथे या आईने आपल्या मुलीला ओझे न मानता देणगी मानले. पुढे हजारो टाकून दिलेल्या मुलींना जिने पदराखाली घेतले, तिने आपल्या घरातील मुलीपासूनच तो आदर शिकविण्यास आरंभ केला होता. वाचकहो, आपल्या घरी मुलगी जन्मली असता आपले तोंड कसे दिसते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

२. कन्येची तयारी

१८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा बरोबर होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे आई व लेक या दोघींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८९ च्या आरंभी स्वदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. अशा स्त्रियांच्या सहवासात मनोरमाबाईंचे बालपण गेले. ज्यांच्या कपाळी अपमान लिहिलेला होता, त्या स्त्रिया हाती पाटी घेतात, वाचू लागतात, ताठ मानेने चालू लागतात, हे त्यांनी बालपणापासून पाहिले. पुस्तकातून न मिळणारे शिक्षण त्यांना असे घरीच मिळाले.

पुस्तकी शिक्षणातही आईने काही कमी पडू दिले नाही. मनोरमाबाईंनी अमेरिकेत शिक्षण घेतले, तसेच मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळी आपल्या देशात पदवीधर स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की अशा स्त्रीस मोठ्या शहरात मानाचे स्थान सहज मिळाले असते. विलायतेत व अमेरिकेत मायेची माणसे होती. तेथेही सुखाने राहता आले असते. परंतु त्या शिकल्या कशासाठी हे त्यांच्या पुढील आयुष्याने दाखवून दिले. त्या केडगावास आल्या.

३. केडगाव त्या वेळी कसे होते

आज दौंड तालुक्यात कालव्याचे पाणी व उसाचे मळे दिसतात. त्यावरून त्या काळच्या केडगावची कल्पना येणार नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ते एक लहान स्टेशन होते. पाऊस अपुरा, जमीन कोरडवाहू. तेथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदविल्या आणि झाडे लाविली. १८९६–९७ साली मध्यप्रांतात घोर दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे जाऊन सुमारे तीनशे मुलींना व स्त्रियांना मृत्यूच्या दाढेतून काढून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना केडगावच्या मळ्यात आणले. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाचे समर्पण झाले. १९०० सालच्या दुष्काळात गुजराथेतून आणखी शेकडो जणी आल्या, आणि तेथील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

बंधूंनो, दीड हजार माणसांचे घर म्हणजे काय, हे आपण क्षणभर मनात आणावे. दररोज दीड हजार जणींच्या तोंडी भाकरी पडावयाची. त्यांतील कित्येक आजारी, कित्येक अस्थिपंजर, कित्येक अशा की ज्यांचा माणसांवरचा विश्वासच उडालेला. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीति सदन, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. शाळा, शेती, गाईगुरे, विणकाम, तेलघाणी, छापखाना, ही सर्व कामे त्या स्त्रियाच करीत.

एवढ्या मोठ्या घराचा कारभार एकट्या व्यक्तीने, ती पंडिता असली तरी, चालविणे अशक्य होते. अमेरिकेतून आलेल्या मिनी एब्रम्स यांच्यासारख्या सहकारी बाया तेथे होत्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून मनोरमाबाई होत्या. त्या शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या. मुक्तीच्या कामासाठी त्यांनी मिनी एब्रम्स यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाचा दूरचा प्रवास केला. १९१२ च्या सुमारास निझामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढण्यात आली, त्या कामीही त्या आईच्या उजव्या हातासारख्या होत्या. आज तो भाग कर्नाटकात आहे व शहराचे नाव कलबुर्गी असे झाले आहे. त्या काळी मात्र तो मुलूख शिक्षणात फार मागे होता. म्हणूनच तो निवडला गेला.

याच वर्षांत रमाबाई पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल असे शास्त्र तिच्या हाती द्यावे, यासाठी त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. असले काम घड्याळाकडे पाहून होत नाही. त्यास वर्षानुवर्षांची शांतता लागते. आता विचार करा, शेकडो माणसांच्या घरात ती शांतता कोठून आली? शाळेची घंटा वेळेवर वाजावी, मुलींचे वर्ग चालावेत, पाहुण्यांची विचारपूस व्हावी, यासाठी दुसरे कोणी उभे होते म्हणून पंडिता मेजापाशी बसू शकल्या. त्या भाषांतराच्या पानावर मनोरमाबाईंचे नाव नाही. परंतु ज्यांनी ते पान लिहिण्यास सवड करून दिली त्यांत त्यांची गणना केली पाहिजे. युद्धावर गेलेला व सामानापाशी राहिलेला यांचा वाटा सारखाच असावा, असा नेम दाविदाने घालून दिला होता (१ शमुवेल ३०:२४). देवाच्या घरी हिशेब त्याच रीतीने होतो.

४. लेकीलाच का नेमले?

१९२० साली रमाबाईंची शक्ती क्षीण होऊ लागली. तेव्हा आपल्यामागे मुक्तीचा कारभार मनोरमाबाईंनी पाहावा असे त्यांनी ठरविले. येथे कित्येकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती दाबून ठेवण्याचे कारण नाही. आपल्या मंडळ्यांतही असे घडते की पाळकाचा मुलगा पाळक होतो, पंचाचा पुतण्या पंच होतो, आणि लोक आपसांत कुजबुजतात. मग रमाबाईंनीही आपल्या पोटच्या मुलीलाच पुढे केले, हे योग्य झाले काय?

याचे उत्तर फिलिप्पैच्या पाठात आहे. तीमथ्याला पाठविताना पौल त्याच्या नात्याचा दाखला देत नाही. तो त्याच्या कसोटीचा दाखला देतो. मुलगा बापाबरोबर राबतो तसा हा सुवार्तेसाठी माझ्याबरोबर राबला, आणि ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. ‘तुम्हांस ठाऊक आहे’ यावर सर्व भार आहे. मंडळीने पाहिलेले आहे, मंडळीने पारखलेले आहे.

मनोरमाबाईंची पारख अशीच झाली होती. कारभार हाती देण्याचा विचार झाला तेव्हा त्यांच्या मागे सुमारे वीस वर्षांची सेवा होती. वर्गात शिकविणे, शाळा सांभाळणे, दूरच्या परक्या मुलखात नवे काम रुजविणे, दुसऱ्याच्या आज्ञेत राहणे, ही सर्व पायरी त्या चढल्या होत्या. एलीयाच्या मागून अलीशा संदेष्टा झाला खरा. पण त्याची ओळख लोक कशी करून देत? एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा तो हा, असे (२ राजे ३:११). ज्याने प्रथम हातांवर पाणी घातले त्याच्या अंगावर झगा शोभतो. ज्यास झगा हवा आहे पण तांब्या उचलावयास लाज वाटते, त्याचे नाते कितीही जवळचे असले तरी तो वारस नव्हे.

म्हणून आपल्या मंडळीत कोणाचा मुलगा किंवा मुलगी सेवेस पुढे येत असेल, तर केवळ नात्यामुळे तिला हार घालू नये, आणि केवळ नात्यामुळे तिला दूरही लोटू नये. तिने पाणी किती दिवस घातले, हे विचारावे.

५. जे कोणी योजिले नव्हते

आईने योजना केली, कन्या सिद्ध झाली, सहकाऱ्यांस समाधान वाटले; परंतु परमेश्वराचे मार्ग माणसाच्या मार्गांहून वेगळे. १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते.

आईवर काय प्रसंग गुदरला असेल! आईबाप, भाऊ, पती, सर्वांना पोचविलेल्या त्या स्त्रीला शेवटी आपल्या लेकीलाही पोचवावे लागले. दुःख तर होतेच. पण त्याबरोबर असाही प्रश्न उभा होता की ज्या हातांत हे सर्व सोपवावयाचे तेच हात गेले, आता या शेकडो लेकरांचे काय होणार? विश्वास आहे म्हणून असे घाव लागत नाहीत असे कोणी समजू नये. प्रभु येशूही लाजराच्या कबरेपाशी रडला.

रमाबाईंनी हाती असलेले काम मात्र सोडले नाही. भाषांतर शेवटास नेण्याची त्यांची धडपड चालूच राहिली. कन्येच्या मागे नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनीही देह ठेविला. भाषांतर तोवर पुरे होत आले होते, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ज्या स्त्रियांना एके काळी अक्षरओळख नव्हती, त्यांच्या हातांनी त्याचे खिळे जुळविले होते.

६. घर का पडले नाही?

एका वर्षाच्या आत संस्थापिका गेली आणि तिची वारसही गेली. लौकिक दृष्टीने असे घर मोडावयास हवे होते. आपण कितीतरी कामे पाहिली आहेत की जी एका माणसाबरोबर उगवली आणि त्याच्याबरोबरच मावळली. परंतु केडगावचे घर उभे राहिले. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने ते आजही निराधार स्त्रिया व मुले यांची सेवा करीत आहे. याचे कारण काय?

देवाची कृपा हे पहिले कारण खरेच. परंतु कृपा साधनांच्या द्वारे काम करते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला होता. त्याचा सासरा इथ्रो याने त्यास सांगितले की असे केल्याने तू आणि हे लोक, दोघेही झिजून जाल. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्यात आले. केडगावात मायलेकींनी तेच केले होते. शेत पाहणारी होती, गुरे राखणारी होती, माग चालविणारी होती, खिळे जुळविणारी होती, शिकलेली पुन्हा शिकविणारी होती. १९०५ च्या जागृतीनंतर तेथील तरुण स्त्रिया टोळ्या करून आसपासच्या गावी साक्ष देण्यास जात असत. कोणतेही काम एकीच्याच कनवटीस बांधलेले नव्हते.

तीमथ्याला पौल जो क्रम सांगतो तो येथे लक्षात घ्यावा: पौलाकडून ऐकलेले तीमथ्याने विश्वासू माणसांकडे सोपवावे, आणि त्यांनी ते इतरांस शिकवावे. या साखळीत चार कड्या आहेत. आपण बहुधा दोनच पाहतो, देणारा आणि घेणारा. केडगावी दुसरी कडी पहिलीच्या आधी निखळली. तरी साखळी तुटली नाही, कारण तिसरी व चौथी कडी आधीच जोडलेली होती. आणि ती जोडण्यात मनोरमाबाईंचा हात होता, कारण शिक्षिकेचे काम दुसरे काय असते? सूत्रे त्यांच्या हाती कधीच आली नाहीत. परंतु सूत्रे धरणारे हात घडविण्यात त्यांनी आयुष्य वेचले. म्हणून त्यांची सेवा अपुरी राहिली असे म्हणता येत नाही. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने जे सांगितले (योहान १२:२४) त्याचा अर्थ अशा ठिकाणी उलगडतो.

७. आपल्यासाठी बोध

पहिला बोध, नाव नसलेल्या सेवकासाठी. उपदेशक बंधू, तुम्ही सहा गावे फिरता, आजाऱ्यापाशी बसता, मुलांना अक्षर शिकविता. वार्षिक अहवालात मात्र नाव दुसऱ्याचे येते. मनोरमाबाई जन्मभर एका महान नावाच्या छायेत राहिल्या. ती छाया त्यांनी शाप मानली नाही. तिच्यात राहून त्यांनी काम केले. तुमचाही हिशेब ठेवणारा एक आहे.

दुसरा बोध, पुढाऱ्यासाठी. तुमच्यामागे कोण, हा प्रश्न तुम्हांस कोणी विचारला तर तो अपमान समजू नका. एक वारस नेमून निश्चिंतही होऊ नका, कारण कोणाचा दिवस कधी भरेल हे कोणासही ठाऊक नाही. प्रार्थना चालविणारे चौघे असू द्या, वर्गणीचा हिशेब जाणणारे तिघे असू द्या, मंदिराची किल्ली कोठे आहे हे दहांस माहीत असू द्या. जे आपल्यावाचून चालूच नये असे वाटते, ते बहुधा देवाचे काम नसून आपला मान असतो.

तिसरा बोध, आईबापांसाठी. लक्ष्मीबाईंनी रमाबाईंस शिकविले, रमाबाईंनी मनोरमाबाईंस शिकविले, आणि त्या दोघींनी हजारोंना. आपल्या मुलीस शाळेतून काढण्याचा विचार मनात येईल तेव्हा ही साखळी आठवावी. आपण एका मुलीचे पुस्तक बंद करीत नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या, आपणांस न दिसणाऱ्या कित्येकींचे पुस्तक बंद करीत असतो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. तीमथ्याची शिफारस करताना पौलाने कोणती गोष्ट पुढे केली? आपल्या मंडळीत सेवक निवडताना आपण काय पाहतो?

२. १९२१ व १९२२ या दोन वर्षांत मुक्ती मिशनवर कोणते आघात झाले? काम टिकण्याची कारणे आपल्या शब्दांत सांगा.

३. २ तीमथ्य २:२ मधील चार कड्या कोणत्या? आपल्या गावी यांपैकी कोणती कडी कच्ची आहे?

४. आपला उपदेशक महिनाभर आजारी पडला तर उपासना, शाळा व आजाऱ्यांची भेट ही कामे कोण कोण करील? त्यांची नावे आज ठरवावीत.

प्रार्थनेचा विषय: जे सेवक दुसऱ्यांच्या नावाखाली मुकाट्याने राबत आहेत त्यांच्यासाठी उपकारस्तुती करावी, आणि प्रत्येक मंडळीत तिसरी व चौथी कडी तयार व्हावी म्हणून परमेश्वराजवळ मागणे करावे.